कृष्णविवर गिळतं, तसं फेकतंही

जूनच्या शेवटच्या आठवड्यात मध्यरात्री आपल्या आकाशगंगेचं केंद्र बेळगावच्या बरोबर दक्षिणेला येतं. वृश्चिकाच्या शेपटीतलं मूळ नक्षत्र ज्यांना ओळखता येतं त्यांनी तिथून नजर थोडी वर, धनु राशीच्या हद्दीत न्यावी. क्षितिज आणि माथा यांच्या मधोमध ती जागा आहे. सुमारे २७ हजार प्रकाशवर्षांवर, ४० लाखांहून अधिक सूर्यांच्या वस्तुमानाचं एक कृष्णविवर तिथे बसलेलं आहे. पण जूनअखेर म्हणजे कणकुंबी-जांबोटीकडे पावसाची झड लागलेली असते, आणि खानापूरपासून बेळगावपर्यंत आभाळ असं भरलेलं असतं की चंद्रसुद्धा आठ-आठ दिवस दिसत नाही. ज्या दिवसांत केंद्र रात्रभर आकाशात असतं, नेमके तेच दिवस आपल्याकडे ढगांचे.

ढग नसते तरी फार फरक पडला नसता. आपण आणि ते केंद्र यांच्यामध्ये आकाशगंगेतली धूळ इतकी दाट आहे की तिथून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या एक लाख कोटी कणांपैकी जेमतेम एक आपल्यापर्यंत पोचतो. जगातली सर्वांत मोठी आरशाची दुर्बीण लावली तरी दृश्य प्रकाशात तिथलं काही दिसत नाही. रेडिओ लहरींना मात्र ही धूळ जवळजवळ अडवतच नाही. मीटरभर लांबीच्या लहरींना तर ढगही अडवत नाहीत आणि दिवसाचा उजेडही आड येत नाही. कृष्णविवरांबद्दल आज जे कळलं आहे त्याचा फार मोठा भाग या लहरींनी सांगितलेला आहे, आणि त्या जे सांगतात ते आपल्या मनातल्या चित्राहून बरंच वेगळं आहे.

आपल्या मनातलं चित्र असं, की कृष्णविवर म्हणजे सगळं ओढून घेणारं एक भोक. मी खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. २०१९ साली कृष्णविवराचं पहिलं चित्र वर्तमानपत्रांत आलं, तेव्हा आठवीतल्या एका मुलाने विचारलं, "काय वो सर, ते समदं गिळतंय न्हवं? मग ह्यो उजेड कुठला?" या विषयातला हाच सर्वांत चांगला प्रश्न आहे असं मला वाटतं, कारण त्याचं उत्तर शोधता शोधता सगळा विषय उलगडतो.

उजेड कृष्णविवराचा नव्हे, त्याच्याभोवती फिरणाऱ्या वायूचा. कृष्णविवराला एक हद्द असते. तिच्या आत गेलेलं काहीही, प्रकाशसुद्धा, परत येत नाही. सूर्याएवढ्या वस्तुमानाला ही हद्द सुमारे ३ किलोमीटर त्रिज्येची होते, आणि वस्तुमान जितक्या पट तितक्या पट ती वाढते. आपल्या केंद्रातल्या कृष्णविवराची हद्द या हिशेबाने सव्वा कोटी किलोमीटरच्या आसपास जाते. सूर्य आणि पृथ्वी यांच्यातलं अंतर १५ कोटी किलोमीटर आहे हे लक्षात घेतलं, तर ४० लाख सूर्य किती लहान जागेत मावले आहेत ते कळतं. या हद्दीबाहेर मात्र कृष्णविवर इतर कोणत्याही जड वस्तूसारखंच वागतं. उद्या सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर आलं, तर पृथ्वी आजच्याच कक्षेत फिरत राहील. अंधार होईल, पण पृथ्वी ओढली जाणार नाही.

वायूचंही तसंच आहे. दूरवरून येणारा वायू सरळ विवरात पडत नाही, कारण त्याला थोडीतरी बाजूची गती असतेच. जसजसा तो जवळ येतो तसतशी ती गती वाढत जाते आणि तो भोवती फिरू लागतो. असा वायू साठून त्याची तबकडी बनते. आत सरकायचं तर वायूला आपली फिरण्याची गती कुणाला तरी द्यावी लागते. तबकडीतलं चुंबकीय क्षेत्र ही देवाणघेवाण घडवून आणतं. आतला थर वेगाने फिरतो, बाहेरचा हळू. दोघांना जोडणाऱ्या चुंबकीय रेषा ताणल्या जातात, आतल्याची गती बाहेरच्याला मिळते आणि आतला आणखी आत घसरतो. या घसरणीत वायू प्रचंड तापतो आणि चमकतो. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचं हेलियम होताना वस्तुमानाच्या ०.७ टक्के भागाची ऊर्जा होते. दाट तबकडीतून आत सरकणाऱ्या वायूकडून ६ टक्क्यांपासून, विवर खूप वेगाने स्वतःभोवती फिरत असेल तर, ४० टक्क्यांपर्यंत ऊर्जा बाहेर पडू शकते. विश्वातल्या सर्वांत तेजस्वी स्थिर दिव्यांच्या मुळाशी कृष्णविवरं आहेत, ती याच कारणाने.

आता रेडिओकडे वळू. आमच्या सीमाभागातल्या जुन्या माणसांना रेडिओ म्हटलं की आकाशवाणी सांगली आणि आकाशवाणी धारवाड आठवतात, आणि म्हणून "दुर्बिणीत काय ऐकू येतं?" असा प्रश्न हमखास येतो. ऐकू काही येत नाही. रेडिओ लहर हा प्रकाशच आहे, फक्त तिची लांबी डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या हजारो ते कोट्यवधी पट असते. सांगलीचं केंद्र तिच्यावर आवाज चढवून पाठवत होतं आणि आपला संच तो उतरवून घेत होता. आकाशातून येते ती नुसती लहर. किती जोरात आली, कोणत्या दिशेने आली, कोणत्या वारंवारतेची होती एवढंच मोजायचं असतं.

हे पहिल्यांदा मोजलं गेलं ते अपघाताने. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत कार्ल जान्स्की नावाचा तरुण अभियंता अटलांटिकपार जाणाऱ्या रेडिओ-टेलिफोनमध्ये खरखर कुठून येते ते शोधत होता. विजांची खरखर त्याने ओळखली, पण एक बारीक सळसळ उरली. ती रोज येई, मात्र २४ तासांनी येण्याऐवजी २३ तास ५६ मिनिटांनी. तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात, सूर्य नाही. म्हणजे उगम सूर्यमालेबाहेर होता. १९३३ साली त्याने जाहीर केलं की ही सळसळ धनु राशीच्या दिशेने, आकाशगंगेच्या मध्यातून येते. पुढे १९७४ मध्ये ब्रूस बालिक आणि रॉबर्ट ब्राउन यांनी त्याच भागात एक अतिशय लहान, तेजस्वी रेडिओ ठिपका शोधला. त्याचं नाव सॅजिटेरियस ए स्टार. तेच आपलं कृष्णविवर, म्हणजे काटेकोर बोलायचं तर त्याच्या हद्दीलगतचा वायू.

वायू रेडिओ लहरी सोडतो त्याचे मुख्यतः दोन मार्ग आहेत, आणि दोन्हींची बातमी वेगवेगळी असते.

पहिला मार्ग रेणूंचा आणि अणूंचा. प्रत्येकाची ठरलेली वारंवारता असते. साध्या हायड्रोजनची लहर २१ सेंटिमीटरची, कार्बन मोनॉक्साइडची २.६ मिलिमीटरची, पाण्याच्या वाफेची १.३५ सेंटिमीटरची. वारंवारता ठरलेली असल्यामुळे ती जराशी बदललेली दिसली की वायूची गती कळते. वायू आपल्याकडे येत असेल तर ती वाढते, दूर जात असेल तर घटते. पाण्याच्या वाफेची वारंवारता २२,२३५ मेगाहर्ट्झ. वायू सेकंदाला १००० किलोमीटर वेगाने दूर जात असेल, तर तो वेग प्रकाशाच्या वेगाचा तीनशेवा हिस्सा, म्हणून वारंवारताही तीनशेव्या हिश्श्याने, म्हणजे ७४ मेगाहर्ट्झने कमी भरेल. रेडिओ संचाला ७४ मेगाहर्ट्झचा फरक म्हणजे ढळढळीत फरक. याच्या हजारपटीने बारीक फरकही तो सहज पकडतो.

याच पाण्याने कृष्णविवरांचा एक अत्यंत स्वच्छ पुरावा दिला. सप्तर्षींच्या शेजारी एनजीसी ४२५८ नावाची दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह, आहे. तिच्या केंद्रात पाण्याच्या वाफेचे काही ढग लेझरसारखी एकवटलेली, पण रेडिओ तरंगलांबीची लहर सोडतात. १९९३ साली जपानमधल्या नोबेयामा इथल्या ४५ मीटरच्या दुर्बिणीने दाखवलं की दीर्घिकेच्या सर्वसाधारण वेगापेक्षा काही ढग सेकंदाला सुमारे १००० किलोमीटर जास्त वेगाने दूर जातात आणि काही तितक्याच वेगाने जवळ येतात. १९९५ मध्ये अमेरिकाभर पसरलेल्या रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याने त्या ढगांच्या जागा मोजल्या. सगळे ढग एका पातळ तबकडीत ओळीने बसले. आतले वेगवान, बाहेरचे मंद, आणि हा उतार अगदी केप्लरच्या नियमाबरहुकूम.

केप्लरचा नियम इथे काय सांगतो ते आपल्याच सूर्यमालेत पाहू. पृथ्वी सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने फिरते. नेपच्यून पृथ्वीच्या ३० पट दूर आहे. ३० चं वर्गमूळ साडेपाच, म्हणून नेपच्यूनचा वेग पृथ्वीच्या साडेपाचव्या हिश्श्याएवढा, सुमारे ५.४ किलोमीटर. असा नेमका उतार तेव्हाच मिळतो जेव्हा जवळजवळ सगळं वस्तुमान मधोमध एकवटलेलं असतं. एनजीसी ४२५८ मध्ये आतल्या ढगांचं केंद्रापासूनचं अंतर अर्ध्या प्रकाशवर्षाहूनही कमी आहे. वेग माहीत, अंतर माहीत, म्हणजे वस्तुमान काढणं हा शाळेतल्या गणिताचा प्रश्न झाला. उत्तर आलं सुमारे ४ कोटी सूर्य. आपल्याला सर्वांत जवळचा तारा ४ प्रकाशवर्षांहून दूर आहे आणि इथे त्याच्या दहाव्या हिश्श्यात ४ कोटी सूर्यांचं वजन! एवढ्या लहान जागेत ताऱ्यांचा थवा टिकू शकत नाही. दहावीच्या वर्गात मी हे गणित फळ्यावर सोडवून घेतो. सूत्रात आकडे भरून मुलं स्वतः ४ कोटींच्या जवळ पोचतात, तेव्हा कृष्णविवर ही त्यांच्यासाठी ऐकीव गोष्ट राहत नाही. चित्रांपेक्षा मला हा पुरावा जास्त प्रिय आहे.

दुसरा मार्ग इलेक्ट्रॉनांचा. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारा इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषेभोवती मळसूत्रासारखा फिरत जातो आणि फिरताना लहरी सोडतो. या लहरींना कोणतीही एक ठरलेली वारंवारता नसते. त्या मोठ्या पट्ट्यावर पसरलेल्या असतात. त्यांतून चुंबकीय क्षेत्राची ताकद आणि दिशा कळते. कृष्णविवरांतून निघणारे झोत रेडिओत चमकतात ते याच लहरींनी.

झोत पहिल्यांदा दिसला तेव्हा कृष्णविवराची कल्पनाही रुजलेली नव्हती. १९१८ साली अमेरिकेतल्या लिक वेधशाळेत हेबर कर्टिस यांना कन्या राशीतल्या एम८७ या तेजोमेघातून निघालेली एक विचित्र सरळ रेघ दिसली. त्यांनी ती नोंदवून ठेवली, एवढंच. तेव्हा एम८७ ही वेगळी दीर्घिका आहे हेही सिद्ध व्हायचं होतं. आता आपल्याला माहीत आहे की ती साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर आहे आणि तो झोत सुमारे ५ हजार प्रकाशवर्षं लांब आहे. एप्रिलअखेर आणि मेमध्ये रात्री दहाच्या सुमारास एम८७ बेळगावकरांच्या जवळजवळ डोक्यावर असते, आणि ते दिवस बहुधा निरभ्र असतात. राजहंसगडासारख्या थोड्या अंधाऱ्या जागेवरून साध्या हौशी दुर्बिणीतून ती धुरकट ठिपक्यासारखी दिसते. झोत दिसत नाही, पण तो ठिपका पाहताना तिथे काय चाललं आहे हे माहीत असलं की पाहण्यात गोडी येते.

झोतांच्या कथेत एका भारतीयाचं नाव आहे आणि ते फारच कमी घेतलं जातं. १९५३ साली इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँक इथे रॉजर जेनिसन आणि मृणाल कुमार दास गुप्ता यांनी हंस तारकासमूहातल्या सिग्नस ए या अतितेजस्वी रेडिओ स्रोताचा आकार मोजला. एकच स्रोत मिळेल अशी अपेक्षा होती. निघाले दोन, आणि मधली जागा जवळजवळ रिकामी. पुढे कळलं की त्या मधल्या जागेतच दीर्घिका आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना लाखो प्रकाशवर्षांवर रेडिओ लहरींचे दोन प्रचंड फुगे आहेत. केंद्रातून कुणीतरी तिथवर ऊर्जा पोचवत असलं पाहिजे, हे या मोजमापातून पुढे आलं. दास गुप्ता नंतर कोलकात्यात परतले आणि तिथे शिकवत राहिले. शाळेच्या पुस्तकात त्यांना जागा मिळायला हवी असं मला मनापासून वाटतं.

मग झोत सुटतो कसा? विवराच्या आतून काही येत नाही, हे पक्कं धरून चालायचं. झोतातलं द्रव्य हद्दीच्या बाहेरचंच असतं. आत सरकणारा वायू आपल्याबरोबर चुंबकीय क्षेत्र ओढत आणतो आणि ते विवराभोवती दाटत जातं. विवर स्वतःभोवती फिरत असतं आणि फिरताना आसपासचं अवकाशच सोबत फिरवतं. त्यात अडकलेल्या चुंबकीय रेषा पिळल्या जातात, आणि तो पीळ अक्षाच्या दोन्ही दिशांनी बाहेर जोर लावतो. रॉजर ब्लँडफर्ड आणि रोमन झ्नायेक यांनी १९७७ मध्ये गणिताने दाखवलं की अशा रीतीने विवराच्या फिरण्याची ऊर्जा बाहेर काढता येते. म्हणजे ऊर्जा विवराच्या गिरकीची, द्रव्य बाहेरचं. तबकडीच्या फिरण्यातूनही झोत सुटू शकतो, आणि कुठे कोणता मार्ग किती काम करतो हा आजही चालू असलेला अभ्यास आहे.

बेळगावात वाचनालयात एकदा यावर बोलत असताना एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, झोतातले गोळे प्रकाशाच्या सहापट वेगाने सरकताना दिसले असं मी वाचलंय. मग आइन्स्टाइन चुकले काय?" वाचलेलं खरं आहे. १९९०च्या दशकात हबल दुर्बिणीने एम८७च्या झोतात असे सहापट वेग मोजले होते. पण प्रकाशाहून वेगाने काहीच जात नाही म्हणणारे आइन्स्टाइन चुकलेले नाहीत. झोत जवळजवळ आपल्या रोखाने येत असेल तर असं दिसणारच.

कागदावर मांडून पाहा. एक गोळा प्रकाशाच्या ९८ टक्के वेगाने, आपल्या नजरेच्या रेषेशी १७ अंशांचा कोन करून निघाला. १० वर्षांत तो आपल्या दिशेने सुमारे ९.४ प्रकाशवर्षं पुढे येईल आणि बाजूला सुमारे २.९ प्रकाशवर्षं सरकेल. निघताना त्याने सोडलेला प्रकाश तोवर १० प्रकाशवर्षं पुढे गेलेला असेल. आता गोळ्याने नवा प्रकाश सोडला. जुना प्रकाश आणि नवा प्रकाश यांच्यात अंतर उरलं फक्त ०.६ प्रकाशवर्षाचं. म्हणून आपल्याला पहिलं दृश्य दिसल्यावर जेमतेम साडेसात महिन्यांत दुसरं दिसेल, आणि तेवढ्यात गोळा २.९ प्रकाशवर्षं बाजूला गेलेला असेल. वेग दिसेल प्रकाशाच्या साडेचारपट. गोळा स्वतःच्याच प्रकाशाचा पाठलाग करतो आहे, एवढीच गोष्ट. मार्टिन रीस यांनी १९६६ मध्ये, असं काही प्रत्यक्ष दिसण्याच्या पाच वर्षं आधी, ते घडेल असं लिहून ठेवलं होतं. याच कारणाने आपल्याकडे येणारा झोत उजळ दिसतो आणि उलट दिशेचा जवळजवळ दिसेनासा होतो. एम८७ला दोन झोत आहेत, पण चित्रांत ठळक एकच असतो.

आता झोताच्या मुळाशी जाऊ. दुर्बीण किती बारीक पाहू शकते हे दोन गोष्टींवर ठरतं: लहर किती लहान आणि दुर्बीण किती रुंद. रेडिओ लहर लांब, म्हणून दुर्बीण अवाढव्य हवी. उपाय असा, की अनेक अँटेना दूर दूर ठेवायच्या आणि त्यांनी एकाच वेळी पकडलेल्या लहरी नंतर जुळवायच्या. तेव्हा त्या, सर्वांत दूरच्या दोन अँटेनांमधल्या अंतराएवढ्या रुंद दुर्बिणीच्या बारकाईने पाहतात. इव्हेंट होरायझन टेलिस्कोपने एप्रिल २०१७ मध्ये चिली, स्पेन, हवाई, मेक्सिको, ॲरिझोना आणि दक्षिण ध्रुव इथल्या आठ दुर्बिणी १.३ मिलिमीटरच्या लहरींवर अशा जोडल्या, आणि दुर्बीण जवळपास पृथ्वीएवढी झाली. एम८७चं वलय आकाशात केवढं दिसतं? बेळगावात उभं राहून लंडनमधला मोहरीचा दाणा दिसेल तेवढं. वेळ आण्विक घड्याळांनी मोजली होती. नोंदी इतक्या होत्या की हार्ड डिस्क भरून विमानाने न्याव्या लागल्या, आणि दक्षिण ध्रुवावरच्या डिस्कसाठी तिथला हिवाळा संपून विमानं सुरू होईपर्यंत, म्हणजे डिसेंबरपर्यंत थांबावं लागलं.

मिलिमीटरच्या लहरींना हवेतली वाफ मात्र शोषते. म्हणून या दुर्बिणी चिलीच्या अटाकामा वाळवंटासारख्या उंच, कोरड्या जागी असतात. आमच्या कणकुंबीत हे काम कधीच जमलं नसतं.

१० एप्रिल २०१९ ला जाहीर झालेलं ते वलय म्हणजे ६५० कोटी सूर्यांच्या कृष्णविवराभोवतीच्या तप्त वायूचा उजेड, विवराच्या गुरुत्वाने वाकवलेला. वलयाची एक बाजू अधिक उजळ आहे, कारण त्या बाजूचा वायू आपल्याकडे येतो आहे. २०२१ मध्ये त्याच नोंदींतून चुंबकीय क्षेत्राची रचना काढली गेली. ते क्षेत्र आत पडू पाहणाऱ्या वायूला अडवण्याइतकं सबळ आहे आणि वर्षाला जेमतेम शे-पाचशे पृथ्व्यांएवढा वायू विवरात जातो, असा अंदाज आहे. ६५० कोटी सूर्यांच्या विवरासाठी हा घास किती लहान! २०२३ मध्ये साडेतीन मिलिमीटरच्या लहरींवर घेतलेल्या एका चित्रात वलय आणि त्यातून निघणारा झोत पहिल्यांदा एकत्र दिसले. आपल्या स्वतःच्या केंद्राचं चित्र १२ मे २०२२ ला आलं. ते जवळ असूनही अवघड होतं, कारण तिथे वायूची फेरी काही मिनिटांत पुरी होते आणि वेध घेता घेताच दृश्य बदलतं. एम८७मध्ये त्याच फेरीला कित्येक दिवस लागतात.

या चित्रांचं कौतुक झालं, ते योग्यच. पण झोत पुढे जाऊन काय करतो हे पाहायला लांब लहरी लागतात, आणि तिथे जगातली एक अग्रगण्य दुर्बीण आपल्या वाटेवर आहे. बेळगावहून महामार्गाने पुण्याला जायचं, तिथून नाशिकच्या रस्त्याने नारायणगाव आणि मग खोडद. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांनी उभारलेली जीएमआरटी (जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप) तिथे आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. १४ मध्यभागी, उरलेल्या १६ तीन फाट्यांवर. बेळगाव ते खानापूर जेवढं अंतर आहे, साधारण तेवढ्या टप्प्यात त्या पसरल्या आहेत. लहर लांब असल्याने पृष्ठभाग भरीव पत्र्याचा लागत नाही, बारीक तारांची जाळी पुरते. ती ताणून धरण्याची स्वस्त आणि हलकी रचना हे स्वरूप यांच्या चमूचं मोठं काम. त्यांनीच त्याआधी, १९७० मध्ये, उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभी केली होती. तिने मोजलेल्या दूरच्या रेडिओ दीर्घिकांच्या आकारांनी, विश्व नेहमी असंच होतं या मताला १९७५ मध्ये धक्का दिला. त्या मताचे एक मोठे पुरस्कर्ते म्हणजे कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर. दोघे तेव्हा टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. मतं विरुद्ध असलेली दोन माणसं एकाच संस्थेत काम करत राहिली आणि पुढे दोघांनीही पुण्यात मोठ्या संस्था उभ्या केल्या.

लांब लहरींचं महत्त्व असं. झोतातले इलेक्ट्रॉन लहरी सोडता सोडता थकतात. जास्त ऊर्जेचे आधी थकतात, म्हणून जुन्या झोताचं तेज आधी लहान लहरींत विझतं आणि लांब लहरींत सर्वांत शेवटपर्यंत टिकतं. जुना झोत शोधायचा तर मीटरभर लांबीच्या लहरींतच शोधावा लागतो. २०२० मध्ये भुजंगधारी तारकासमूहातल्या दीर्घिकांच्या एका गुच्छाबद्दल असंच झालं. क्ष-किरणांत तिथल्या तप्त वायूत एक वाकडी कडा, जणू एखाद्या मोठ्या पोकळीची किनार, दिसली होती. एवढी मोठी पोकळी कृष्णविवर करू शकेल यावर आधी विश्वास बसत नव्हता. जीएमआरटी आणि ऑस्ट्रेलियातली एक दुर्बीण यांच्या नोंदी पाहिल्या, तर त्या कडेच्या पलीकडची जागा रेडिओ लहरींनी अगदी कडेला कडा लावून भरलेली होती. केंद्रातल्या कृष्णविवराने फार पूर्वी सोडलेल्या झोताने ती पोकळी कोरली होती. आपल्यासारख्या १५ आकाशगंगा तिच्यात ओळीने मावतील.

२०२४ मध्ये तर २ कोटी ३० लाख प्रकाशवर्षं लांबीची झोतांची जोडी सापडली. युरोपातल्या लोफार दुर्बिणीने झोत टिपले, आणि ते नेमके कोणत्या दीर्घिकेतून निघाले हे ठरवण्यात जीएमआरटीचा वाटा होता. संशोधकांनी त्यांना पोर्फिरिऑन हे नाव दिलं. त्यांच्यापर्यंतचं अंतर साडेसात अब्ज प्रकाशवर्षं आहे.

अशा झोतांचं दीर्घिकांच्या आयुष्यात काय काम? दीर्घिकांच्या मोठ्या गुच्छांत कोट्यवधी अंश तापमानाचा वायू भरलेला असतो. तो चमकतो, म्हणजे ऊर्जा गमावतो, म्हणजे थंड व्हायला हवा, आणि थंड होऊन त्याचे असंख्य नवे तारे व्हायला हवेत. प्रत्यक्षात तारे फार थोडे होतात. या कोड्याचं आज सर्वांत पटणारं उत्तर म्हणजे झोत. ययातीच्या तारकासमूहातल्या गुच्छात क्ष-किरणांत दिसणाऱ्या पोकळ्या आणि रेडिओत दिसणारे फुगे एकमेकांत नेमके बसतात. फुगे वायूला ढकलतात, ढवळतात, तापता ठेवतात. तरी काही वायू थंड होतोच. अल्मा या दुर्बिणीने २०१६ मध्ये एबेल २५९७ गुच्छाच्या केंद्रात थंड वायूचे तीन ढग सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने कृष्णविवराकडे जाताना पाहिले. ढग स्वतः दिसले नाहीत. मागच्या तेजस्वी रेडिओ स्रोतावर कार्बन मोनॉक्साइडच्या वारंवारतेला त्यांनी टाकलेल्या सावल्या दिसल्या. वायू थंड होऊन आत पडतो, त्यातून झोताला बळ मिळतं, झोत बाहेरचा वायू तापवतो, पडणं कमी होतं, झोत मंदावतो आणि वायू पुन्हा थंड होऊ लागतो. एका दीर्घिकेत किती तारे जन्मतील हे तिच्या तुलनेत अगदी इवलीशी जागा व्यापणारी वस्तू अशा रीतीने ठरवत असते. म्हणून मी मुलांना सांगतो, विवर काय गिळतं यापेक्षा ते काय फेकतं ते आधी विचारा.

खोडदला दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास विज्ञान प्रदर्शन भरतं आणि दुर्बीण जवळून पाहता येते. फोन बंद ठेवायची तिथली सूचना मनापासून पाळावी, कारण आकाशातून येणाऱ्या लहरींपुढे खिशातला फोन फारच बलवान असतो. जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झवर जवळजवळ ९० टक्के आकाशाची पाहणी केली आहे आणि ती चित्रं सर्वांना खुली आहेत. 'रॅड ॲट होम' नावाचा भारतीय उपक्रम २०१३ पासून विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना अशी चित्रं वाचायला शिकवतो, आणि त्यांनी शोधलेल्या वेगळ्या वस्तूंचे वेध पुढे जीएमआरटीने घेतले गेले आहेत. त्यासाठी संगणक आणि इंटरनेट लागतं, थोडं इंग्रजी लागतं, आणि बारावीपर्यंतचं भौतिकशास्त्र पक्कं लागतं. खानापूर, निपाणी, चिकोडीकडची जी मुलं मराठी शाळेतून बेळगावच्या विज्ञान महाविद्यालयांत जातात, त्यांच्याकडे यातलं सगळं असतं.